पाबळचा त्रिकोण

पायथागोरसचा सिद्धांत मी शाळेत घडाघडा म्हणून दाखवायचो. गुणही पैकीच्या पैकी. काही वर्षांनी आमच्या घराच्या पायाची आखणी करायला गवंडीकाका आले. त्यांनी कोपऱ्यात खुंटी ठोकली, एका बाजूला तीन फूट मोजले, दुसऱ्या बाजूला चार, आणि मधलं तिरकं अंतर बरोबर पाच भरेपर्यंत दोरी सरकवत राहिले. झाला काटकोन! त्यांना सिद्धांताचं नाव माहीत नव्हतं आणि मला त्याचा उपयोग.

ही ताटातूट आजची नाही. 1882 मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत लिहिण्यावाचण्याबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान द्या, अशी मागणी त्यात होती. 1937 मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योग हेच शिक्षणाचं माध्यम करा, असं मांडलं. पुढे कोठारी आयोगानं (1964–66) शाळेत कामाच्या अनुभवाला जागा द्यायला सांगितलं. ती जागा आमच्यापर्यंत 'कार्यानुभव' नावाच्या तासातून पोचली. त्या तासाला आम्ही क्रेप कागदाची फुलं केली आणि परीक्षा जवळ आली की तिथेच गणिताची उजळणी.

या कल्पनेवर एक रास्त शंका नेहमी घेतली गेली. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनतच आली, त्यांच्या मुलांना शाळेतही करवत आणि कुदळच द्यायची का? शहरातली मुलं भौतिकशास्त्र शिकणार आणि गावातली सुतारकाम? आपल्या समाजात हात आणि डोकं यांची वाटणी जातीनंच केलेली असल्यामुळे ही शंका हलकी नाही.

म्हणूनच पाबळ मला महत्त्वाचं वाटतं. पाबळ हे पुणे जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यातलं पावसाची ओढ असलेलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएच.डी. करून आलेले अन्नशास्त्रज्ञ, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर. ते सोडून 1983 मध्ये त्यांनी इथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सुटलेली मुलंही तिथे राहून शिकू लागली. म्हणजे 'याच्या डोक्यात काही शिरत नाही' असा शिक्का बसलेली मुलं.

आश्रमातून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय नेहमीच्या शाळांमध्येही गेला. आठवी ते दहावी, आठवड्यातून एक दिवस. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य हे चार विभाग. शिकवायला गावातलेच कारागीर. मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासतात, चिक्की बनवतात. केलेल्या प्रत्येक वस्तूचा खर्चही काढतात: कच्चा माल किती, मजुरी किती, वीज किती.

वरच्या शंकेला इथे उत्तर मिळतं. हे काम विज्ञानाऐवजी नाही, विज्ञानासोबत आहे आणि वर्गातल्या सगळ्यांना आहे. हुशार मुलीच्या हातातही वेल्डिंगची कांडी येते.

पाबळला त्रिकोण जोडून केलेली घुमटाकार घरं आहेत. चार पट्ट्या बोल्टनं जोडून चौकोन करा, कोपरा दाबला की तो कलंडतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही, कारण बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरतात. भूमितीच्या पुस्तकात एकरूपतेची 'बाबाबा' कसोटी म्हणून आपण हेच पाठ करतो. पाबळच्या मुलांनी त्याच त्रिकोणांवर छप्पर उभं केलं.

2002 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं याच गावात फॅब लॅब आली. जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ही एक. पुढच्याच वर्षी कलबाग गेले. आश्रमाचं काम चालू राहिलं.

आता 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकावं, असं म्हटलंय. चांगलंच आहे. पण वर्षातले दहा दिवस म्हणजे सहल होण्याची भीती आहे, माझ्या कार्यानुभवाच्या तासासारखीच. पाबळनं आठवड्याचा एक दिवस मागितला होता, आणि त्या दिवशी कारागिराला शिक्षकाची खुर्ची दिली होती. आमच्या गवंडीकाकांना ती मिळाली असती, तर पायथागोरस मला शाळेतच समजला असता. आणि त्या दोरीच्या युक्तीचं नाव त्यांनाही.