खाड्याची मजुरी आणि हौशीपणाचा दंडक : लेस्टर रग्बी क्लबच्या इतिहासातील एक प्रश्न

क्रीडासंस्थांचा इतिहास बहुधा जयापजयांच्या नोंदींत आणि नामांकित खेळाडूंच्या गौरवात संपतो. त्यामुळे सामाजिक इतिहासाचे एक उपयुक्त साधन अभ्यासकांच्या नजरेतून सुटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या औद्योगिक नगरांतून जे क्लब उदयास आले, त्यांच्या कारभारात मजुरी, फुरसत आणि प्रतिष्ठा यांविषयीचे त्या समाजातील सर्व वाद प्रतिबिंबित झालेले दिसतात. मध्य इंग्लंडमधील लेस्टर नगराचा रग्बी क्लब हे त्याचे बोलके उदाहरण होय. उत्तरेकडील ज्या क्लबांशी त्याचे सामाजिक स्वरूप मिळतेजुळते होते, ते १८९५ साली रग्बी संघटनेतून फुटून निघाले; लेस्टर मात्र मूळ संघटनेतच राहिले. असे का घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१

रग्बी फुटबॉलचा उगम इंग्लंडमधील उच्चवर्गीयांच्या निवासी शाळांत झाला. १८७१ साली लंडन येथे स्थापन झालेल्या 'रग्बी फुटबॉल युनियन' या मध्यवर्ती संघटनेची सूत्रे याच शाळांतून शिकून निघालेल्या सुखवस्तू गृहस्थांच्या हाती होती. परंतु पुढील दहावीस वर्षांत हा खेळ यॉर्कशर व लँकशर या परगण्यांतील गिरण्यांच्या आणि कोळशाच्या खाणींच्या गावी पोहोचला. शनिवारी दुपारनंतर मिळणाऱ्या सुटीमुळे कामगारांना खेळण्यास व खेळ पाहण्यास अवसर सापडला. सामन्यांना गर्दी लोटू लागली आणि प्रवेशशुल्काच्या रूपाने क्लबांच्या तिजोरीत पैसा येऊ लागला.

येथूनच वादाला तोंड फुटले. परगावी सामना असला म्हणजे कामगाराला शनिवार सकाळचे काम सोडून निघावे लागे. दौरा असल्यास अधिक दिवस जात. त्याचा खाडा पडे आणि खाड्याची मजुरी बुडे. वकील, व्यापारी किंवा जमीनदाराच्या मुलापुढे हा प्रश्नच नव्हता. बुडालेल्या मजुरीची भरपाई क्लबने करून द्यावी, अशी उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. मध्यवर्ती संघटनेच्या मते मात्र अशी भरपाई म्हणजे उघड उघड धंदेवाईकपणा होता. २० सप्टेंबर १८९३ रोजी लंडन येथे भरलेल्या सर्वसाधारण सभेत यॉर्कशरच्या प्रतिनिधींनी मांडलेला भरपाईचा ठराव १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळला गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी 'नॉर्दर्न युनियन' ही स्वतंत्र संघटना उभी केली आणि दिवसाला ६ शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. पहिल्या हंगामात तिच्या स्पर्धेत २२ क्लब खेळले. १८९८ साली या संघटनेने धंदेवाईकपणास रीतसर मान्यता दिली, तर १९०६ साली संघातील खेळाडूंची संख्या १५ वरून १३ वर आणली. आज 'रग्बी लीग' या नावाने ओळखला जाणारा निराळा खेळ तो हाच.

२

लेस्टर क्लबची स्थापना १८८० साली गावातील तीन लहान क्लबांच्या एकीकरणातून झाली. १८९२ च्या सप्टेंबरात क्लब वेल्फर्ड रोडवरील स्वतःच्या मैदानावर गेला आणि आजतागायत तेथेच आहे. लेस्टर हे मोजे व विणलेले कपडे तयार करणाऱ्या आणि पादत्राणे बनविणाऱ्या कारखान्यांचे नगर. तेव्हा क्लबचा प्रेक्षकवर्ग प्रायः याच कारखान्यांतून येणे स्वाभाविक होते.

क्लबच्या 'टायगर्स' या टोपणनावाची कथा हिंदी वाचकास विशेष कुतूहलाची वाटेल. एका मताप्रमाणे हे नाव खेळाडूंच्या तपकिरी-पिवळ्या पट्ट्यांच्या सदऱ्यांवरून पडले. दुसऱ्या मताप्रमाणे ते लेस्टरशर पलटणीकडून आले. १७ वी पायदळ पलटण म्हणून ओळखली जाणारी ही पलटण १८०४ ते १८२३ या काळात हिंदुस्थानात होती. बुंदेलखंड व नेपाळ येथील मोहिमांबरोबरच तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातही तिने भाग घेतला होता. या सेवेबद्दल १८२५ साली तिला वाघाचे चिन्ह व 'हिंदोस्तान' हा शब्द धारण करण्याचा मान मिळाला. दोन मतांपैकी कोणतेही ग्राह्य धरले, तरी गावच्या पलटणीचे बिरुद गावच्या क्लबला चिकटावे, यातून क्लब आणि नगर यांचे नाते किती घट्ट होते याची कल्पना येते.

१८९५ च्या ऑगस्ट महिन्यात, म्हणजे हडर्सफील्डची सभा भरली त्याच महिन्यात, टॉम क्रंबी हे लेस्टर क्लबचे चिटणीस झाले. १९२८ साली मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते. मध्य परगण्यांचा चषक क्लबने १८९८ पासून १९०५ पर्यंत लागोपाठ आठ वेळा जिंकला, आणि त्यानंतर इतरांना संधी मिळावी म्हणून काही काळ त्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. वेल्फर्ड रोडचे मैदान एवढे नावारूपास आले की १९०२, १९०४ आणि १९०६ साली इंग्लंडचे आंतरराष्ट्रीय सामने तेथे भरविण्यात आले.

३

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कामगारांचे नगर, मोठी गर्दी, पैशाची आवक आणि विजयाची ईर्ष्या ही उत्तरेकडील क्लबांची सर्व लक्षणे लेस्टरच्या ठायी होती. तरीही ते फुटले नाही. याचे श्रेय क्लबच्या हौशी बाण्याला देण्याचा मोह होतो; परंतु ते उत्तर अपुरे आहे.

पहिले कारण भूगोलाचे. यॉर्कशर व लँकशरमध्ये तुल्यबळ क्लब एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते; ते आपापसांत खेळूनच वर्षाचा खर्च भागवू शकत. लेस्टरभोवती असा दाट समूह नव्हता. त्याचे सामने लंडन, वेल्स आणि विद्यापीठांच्या संघांशी होत आणि प्रेक्षक येत ते असे नामवंत संघ पाहण्यासाठी. फुटून गेल्यास हे सारे सामने एका दिवसात बंद पडले असते. दुसरे कारण गावातल्या गावातील स्पर्धेचे. १८८४ साली स्थापन झालेला लेस्टर फॉस हा असोसिएशन फुटबॉलचा क्लब १८९४ पासून धंदेवाईक फुटबॉल लीगमध्ये खेळू लागला होता. पैसे घेऊन खेळणाऱ्यांचा एक क्लब गावात असताना, रग्बी क्लबचे वेगळेपण टिकत होते ते नामवंत पाहुण्यांमुळे. सारांश, मूळ संघटनेत राहणे हाच लेस्टरच्या दृष्टीने किफायतीचा मार्ग होता.

तथापि संशय निवळला नाही. लेस्टर आपल्या खेळाडूंना गुप्तपणे पैसे देते, असे आरोप होतच राहिले. १९०८ साली ब्रिटिश संघ न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला असता या प्रकरणाचा स्फोट झाला. त्या संघातील फ्रेड जॅक्सन हा लेस्टरचा खेळाडू पूर्वी नॉर्दर्न युनियनमधील स्विंटन क्लबकडून खेळला होता, असा आरोप आला. दौरा चालू असतानाच त्याला निलंबित करून परत बोलावण्यात आले. तो इंग्लंडला परतला नाही. न्यूझीलंडमध्येच स्थायिक होऊन १९१० साली तो तेथील राष्ट्रीय संघातर्फे नॉर्दर्न युनियनच्या नियमांनुसार खेळला. पुढे त्याचा मुलगा एव्हरर्ड जॅक्सन याची निवड मात्र न्यूझीलंडच्या हौशी रग्बी संघात झाली.

१९०८-०९ च्या हंगामात मध्यवर्ती संघटनेने लेस्टर क्लबची चौकशी केली. क्लब दोषी ठरला नाही. या निर्णयाने संतप्त झालेले संघटनेचे अध्यक्ष चार्ल्स क्रेन यांनी राजीनामा दिला. क्रेन स्वतः मध्य परगण्यांतले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. तेथील क्लबांचा कारभार त्यांना परका नव्हता. त्याच हंगामात, ३० जानेवारी १९०९ रोजी, इंग्लंड विरुद्ध फ्रान्स हा सामना वेल्फर्ड रोडवरच खेळला गेला. लेस्टरला बाहेर काढणे म्हणजे मध्य इंग्लंडमध्ये १८९५ ची पुनरावृत्ती ओढवून घेणे, हे संघटनेच्या धुरीणांना कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. क्लबला जशी संघटनेची गरज होती, तशी संघटनेलाही क्लबची होती.

म्हणूनच चौकशीच्या निकालापेक्षा शिक्षेची वाटणी अधिक अर्थपूर्ण ठरते. संस्था निर्दोष सुटली. खेळाडूला देश सोडावा लागला. नॉर्दर्न युनियनमध्ये एकदा खेळलेल्या माणसाला मूळ संघटनेचे दार कायमचे बंद होई. लेस्टरचाच आणि इंग्लंडतर्फे खेळलेला जॉन जॅकेट हा पुढे ड्यूसबरी क्लबकडून नॉर्दर्न युनियनमध्ये गेला, तेव्हा त्याच्या मागेही ते दार असेच मिटले. हौशीपणाचा दंडक तत्त्वतः सर्वांना सारखा होता. व्यवहारात तो ज्याच्यापाशी मजुरीवाचून दुसरे साधन नव्हते, त्याच्यावरच पडे.

४

नंतरच्या काळाचा आढावा थोडक्यात घेता येईल. चषकाच्या व साखळी स्पर्धांमुळे धंदेवाईकपणा बळावतो, अशी मध्यवर्ती संघटनेची धारणा होती; म्हणून देशव्यापी चषकस्पर्धा १९७१-७२ पर्यंत आणि साखळी स्पर्धा १९८७ पर्यंत सुरू झाली नाही. प्रशिक्षक चॉकी व्हाइट यांच्या कारकीर्दीत लेस्टरने १९७९, १९८० व १९८१ असा सलग तीनदा चषक जिंकला. तो चषक एका तंबाखू कंपनीच्या नावाने दिला जात असे. स्पर्धेला व्यापारी पैसा चालतो, पण खेळाडूला चालत नाही, ही विसंगती आता झाकली जात नव्हती. १९८७-८८ साली साखळी स्पर्धेचे पहिले विजेतेपद लेस्टरनेच मिळविले.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय मंडळाने हौशीपणाचा नियम रद्द केला. हडर्सफील्डच्या सभेला त्या महिन्यात बरोबर शंभर वर्षे पूर्ण होत होती. हौशी युगातील शेवटचे साखळी विजेतेपद, १९९४-९५ चे, लेस्टरकडेच होते. १९९७ साली क्लबचे रूपांतर भागभांडवलाच्या सार्वजनिक कंपनीत झाले. १९९९ ते २००२ अशी सलग चार वर्षे देशाचे आणि २००१ व २००२ साली युरोपचे विजेतेपद त्याने पटकावले.

परंतु पैशाचा प्रश्न मिटला नाही. त्याचे केवळ रूप पालटले. नव्या व्यवस्थेत खेळाडूंच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा घालण्यात आली. २०१६-१७ ते २०१९-२० या हंगामांत ती मर्यादा ओलांडल्याबद्दल २०२२ च्या मार्चमध्ये लेस्टरला सुमारे ३,१०,००० पौंडांचा दंड झाला. नोंदीत न दाखविलेली देणी हाच १९०९ प्रमाणे २०२२ सालीही चौकशीचा विषय होता. फरक इतकाच की या वेळी दंड क्लबने भरला आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सॅरसेन्सचा १५-१२ असा पराभव करून अकराव्यांदा विजेतेपद मिळविले. त्यानंतर काही महिन्यांतच वुस्टर व वॉस्प्स हे क्लब आणि २०२३ साली लंडन आयरिश हा क्लब आर्थिक ओझ्याखाली कोसळून अव्वल श्रेणीतून बाहेर पडले.

लेस्टरच्या इतिहासातून हौशी युग पवित्र होते असे सिद्ध होत नाही, आणि धंदेवाईक युगाने सर्व अन्याय दूर केला असेही सिद्ध होत नाही. इतकेच दिसते की शनिवारी सकाळचे काम सोडून निघालेल्या कामगाराचा खाडा कोणी सोसायचा, हा साधा हिशेब शंभर वर्षे नीतीचा प्रश्न म्हणून मांडला गेला. क्लबने आणि संघटनेने तो आपापल्या सोयीने टाळला. तो प्रत्यक्ष चुकता केला, तो जॅक्सनसारख्या खेळाडूंनी.