फोटोचा काठ

आजीच्या अल्बममधल्या फोटोंच्या पांढऱ्या कडा नागमोडी कातरलेल्या आहेत. परवा त्यांतला एक स्कॅन केला, तर सॉफ्टवेअरने आपणहून सरळ चौकट आखली आणि ती कड छाटून टाकली. मला ती हवी होती. म्हणून फोटोशॉपमध्ये मास्क लावून ती पुन्हा घालत बसलो आणि हाताखालून एकेक शब्द जाऊ लागला.

या कडेला इंग्रजीत ‘डेकल एज’ म्हणतात. डेकल आला जर्मन ‘डेकेल’वरून, म्हणजे झाकण. हातकागद करताना लगदा उचलायच्या जाळीवर एक सुटी लाकडी चौकट बसवतात, तिचे हे नाव. चौकटीखालून थोडा लगदा निसटतो आणि कागदाची कड विरविरीत होते. एके काळी हा दोषच होता. यंत्राचा कागद सरळ कापून येऊ लागला, तेव्हा तीच कड हातकामाची खूण म्हणून मिरवू लागली. पुढे फोटो छापणारे ती मुद्दाम कातरून देऊ लागले. झाकणाचा शब्द असा दागिन्याला येऊन चिकटला.

कडेला फोटो विरत जातो, त्याला ‘विनेट’ म्हणतात. फ्रेंच ‘विन्य’ म्हणजे द्राक्षवेल. विनेट ही छोटी वेल. छापील पुस्तकांत प्रकरणाच्या आरंभी वेलबुट्टी असे, तिचे हे नाव. मग चौकटीवाचून कागदात विरणाऱ्या चित्रांना ते मिळाले आणि तिथून फोटोंना. डार्करूममध्ये पुठ्ठ्याला अंडाकृती भोक पाडून तो एन्लार्जरच्या प्रकाशात हलता ठेवत. हात थांबला की कड करकरीत उमटे.

तो पुठ्ठा म्हणजेच आजचा मास्क. युरोपातल्या या शब्दाचे मूळ काही अभ्यासक अरबी ‘मस्खरा’त, म्हणजे विदूषकात, शोधतात. आपली ‘मस्करी’ त्याच अरबी घरातली. पण आपला मुखवटा नुसता लपवत नाही. गौरीचा मुखवटा बसला की गौर घरात आली, असेच आपण मानतो. फोटोशॉपचा मास्कही दोन्ही कामे करतो: काळ्याखाली चित्र झाकले जाते, पांढऱ्याखाली दिसते आणि करड्याखाली अर्धेमुर्धे उरते.

आता ‘बॉर्डर’ म्हणायचे, की आपला शब्द घ्यायचा? ‘किनार’ फारसीतून आली. तिकडे ‘कनार’ म्हणजे कड, बाजू आणि कुशीसुद्धा. मराठीत ती लुगड्याला लागली आणि ‘किनारा’ समुद्राला. ‘काठ’ तर नदीचाही, साडीचाही आणि हंड्याचाही. जुन्या लेखनात तो ‘कांठ’ असा अनुस्वाराने लिहीत. त्याचे नाते संस्कृत ‘कंठा’शी जोडतात. हंड्याच्या गळ्याशी पाणी आले की तो काठोकाठ भरला, असे आपण म्हणतोच.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. नदीचा काठ बोट ठेवून दाखवता येत नाही. पावसाळ्यात तो वर चढतो, उन्हाळ्यात खाली उतरतो. साडीच्या काठातही अंगाचे काही धागे मिसळलेले असतात. दोन गोष्टी जिथे एकमेकींत उतरतात ती जागा म्हणजे काठ. ‘बॉर्डर’ म्हटले की मला रेघ दिसते, काठ म्हटले की ओल दिसते. फोटोची कड घडवणाऱ्याला हीच ओल हवी असते.

शेवटी मास्क मोठा करून पाहिला. पांढरे आणि काळे यांच्या मधोमध करड्या ठिपक्यांचा एक अरुंद पट्टा वळणे घेत चालला होता. त्या पट्ट्यातच आजीच्या फोटोची कड परत आली होती. ‘लेअर १’ हे नाव पुसून मी तिथे ‘काठ’ लिहिले आणि फाइल जपून ठेवली.