तळटीप : सुपर पॅक

* सुपर पॅक : अमेरिकेत उमेदवाराला थेट देणगी द्यायची तर मर्यादा आहे, २०२४ साली ती एका व्यक्तीसाठी, दर निवडणुकीमागे, ३,३०० डॉलर होती. कंपन्यांनी उमेदवाराला पैसे देण्यावर १९०७ पासूनच बंदी आहे. मात्र २१ जानेवारी २०१० रोजी ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की, कंपन्या व कामगार संघटनांनी उमेदवारापासून स्वतंत्रपणे केलेला प्रचारखर्च हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. दोनच महिन्यांत वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने असा खर्च करणाऱ्या गटांना हव्या तेवढ्या देणग्या घ्यायची मुभा दिली. हेच गट म्हणजे सुपर पॅक.

मुख्य अट ही की, उमेदवाराशी संगनमत नको. ती किती तकलादू आहे हे २०१४ साली दिसले. केंटकीचे सिनेटर मिच मकॉनेल यांच्या प्रचारयंत्रणेने यूट्यूबवर एक चित्रफीत टाकली. तीत ते कॅमेऱ्याकडे पाहून नुसते हसतात, लोकांशी हस्तांदोलन करतात. संवाद नाही, मुद्दा नाही. पाठीराख्या गटांनी ही दृश्ये उचलून स्वतःच्या जाहिरातींत वापरावीत, एवढ्यासाठी ती होती. भेटगाठ न होता काम साधते.

सुपर पॅकला देणगीदारांची नावे जाहीर करावी लागतात. २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून अधिक ओतले, ते यामुळेच कळले. पण देणगीदाराच्या रकान्यात एखाद्या ना-नफा संस्थेचे नाव असेल, तर तिला पैसा कुणी पुरवला हे मतदाराला बहुधा कळतच नाही. आमच्या मते या व्यवस्थेतला सर्वांत घातक दोष हाच आहे. – संपा.