भिवंडी ते थळघाट : एका वनमार्गाची घडण

मुंबई-आग्रा मार्गाचा इतिहास कंपनी सरकारच्या बांधकाम खात्यापासून सुरू करण्याचा प्रघात आहे. पक्की सडक, पूल, मैलाचे दगड आणि टपालाच्या चौक्या यांची नोंद कागदोपत्री सापडते. त्यामुळे अभ्यासकाचे लक्ष तिकडेच वळते. परंतु या मार्गाचा भिवंडी ते थळघाट हा भाग पाहिला, तर रस्त्याची रेषा अभियंत्यांनी आखली असे म्हणण्यापेक्षा ती त्यांना आयती सापडली असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

भिवंडीपासून पडघे, वाशिंद, शहापूर, आटगाव, खर्डी या गावांवरून मार्ग कसाऱ्यास पोहोचतो आणि तेथून सह्याद्री चढून इगतपुरीस जातो. उत्तरेस तानसेचे व दक्षिणेस भातसेचे खोरे असून, शहापूरच्या पुढे दोन्ही अंगांस साग, ऐन, खैर व मोह यांचे रान आहे. मार्गाच्या एका टोकास खाडी आणि दुसऱ्या टोकास घाटाची खिंड, हे दोन बिंदू निसर्गाने ठरविलेले आहेत. मधला मार्ग या दोन बिंदूंनीच ओढून घेतला.

प्राचीन काळी खाडीच्या टोकाचे बंदर बदलत गेले. शूर्पारक, कल्याण, ठाणे, भिवंडी आणि अखेरीस मुंबई अशी ही परंपरा सांगता येते. खिंड मात्र तीच राहिली. नाशिक येथील लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा जो लेख आहे, त्यात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे वाटसरूंसाठी चतुःशाला व निवासस्थाने बांधल्याचा उल्लेख येतो. गोवर्धन हे नाशिकजवळचे व शूर्पारक हे किनाऱ्यावरचे. लेखात थळघाटाचे नाव नाही, आणि ते त्यात वाचण्याचा मोह टाळलाच पाहिजे. तथापि या दोन स्थळांमध्ये जा-ये करणाऱ्याला सह्याद्री कोठेतरी ओलांडावाच लागे, आणि त्या टापूतील सोयीची खिंड हीच आहे. शिलाहारकाळी भिवंडीचा परिसर ओसाड नव्हता, याचा पुरावा अधिक भक्कम आहे. शके ९१९ (इ. स. ९९७) मधील अपराजिताच्या ताम्रपटाने भादाणे हे गाव लोनाड येथील लोणादित्याच्या पूजेसाठी दिलेले आहे. ही दोन्ही गावे आज भिवंडी तालुक्यात आहेत.

मध्ययुगात या मार्गाचे महत्त्व लष्करी दृष्टीने दिसू लागते. शहापूरजवळचा माहुली किल्ला रानाच्या व रस्त्याच्या माथ्यावर उभा आहे. १६३६ साली शहाजीराजांनी मोगल व आदिलशाही फौजांपुढे अखेरची शरणागती दिली ती याच किल्ल्यावर. पुढे १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पाठोपाठ माहुली हस्तगत केला. बंदर घेणाऱ्यास घाटाकडची वाट धरून ठेवणे भाग होते, हे या क्रमावरून ध्यानात येते. 'कल्याण-भिवंडी' असा जोडशब्द मराठी कागदांत रूढ झाला, तोही या दोन शहरांच्या एकत्रित मोक्यामुळेच.

सडक पक्की होण्यापूर्वी मालाची ने-आण प्रामुख्याने लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवर होत असे. किनाऱ्यावरचे मीठ वर जाई व देशावरचे धान्य खाली येई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खानदेशचा कापूस आणि माळव्याची अफू मुंबईकडे वळल्यावर या वाटेवर गाडीरस्ता करणे सरकारला फायद्याचे वाटू लागले. रस्त्याची उभारणी लोकहितासाठी झाली असे सरकारी अहवाल सांगत. अफूच्या महसुलाचा विचार केला म्हणजे त्या विधानाचे मोल कळते.

रस्ता झाल्याने रानाचेही रूप बदलले. लाकूड व कोळसा गाड्यांनी बाहेर पडू लागले. १८७८ च्या वनकायद्यानंतर तर वाटेवरची नाकी हीच वनसत्तेची दारे झाली. परवान्यावाचून माल हलविता येईना. ठाकूर, काथोडी, वारली व महादेव कोळी यांना पिढ्यान्‌पिढ्यांचे सरपण व राब नियमांच्या कक्षेत आणावे लागले. झाडांच्या फांद्या तोडून त्या शेतात जाळण्याची ही राबपद्धती भाताच्या रोपांसाठी आवश्यक मानली जाई. तिच्यावरून ठाणे जिल्ह्यात जो असंतोष माजला, तो १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वनसमितीपुढे आला.

दरम्यान रेल्वेने रस्त्याचे प्राधान्य हिरावून घेतले. १८५४ साली गाडी कल्याणपर्यंत, १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ साली थळघाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचली. घाटातील चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र ठेवावा लागला. खिंडीची सत्ता लोखंडी रुळांनाही मानावी लागली. लोहमार्ग कल्याणवरून गेल्याने भिवंडी बाजूला पडली. व्यापाराच्या हिशेबाने रस्त्याचा इतिहास येथे संपतो आणि बरेच लेखक तो येथेच संपवितात.

परंतु रस्त्यावरून केवळ माल जात नाही. १८५७ च्या उठावानंतर, व पुढे दुष्काळांच्या काळात, संयुक्त प्रांतातील आझमगड, मऊ, अलाहाबाद इत्यादी भागांतील मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले, आणि त्यांच्या वसाहती धुळे, मालेगाव व भिवंडी येथे झाल्या. नकाशावर ही तीन गावे पाहावीत : तिन्ही आग्रा मार्गावर आहेत आणि लोहमार्गाची मुख्य वाट तिन्हींना टाळून गेली आहे. हा योगायोग मानणे कठीण आहे. पुढील टप्प्यांत पुष्कळ कुटुंबे आगगाडीनेही आली असतील. परंतु वस्तीची पहिली साखळी जुन्या सडकेने गुंफली. मुंबईच्या गिरण्यांचे सूत आणि लुगड्यांची मागणी यांवर हातमाग चालला. १९३० नंतरच्या दशकांत त्याची जागा यंत्रमागाने घेण्यास आरंभ केला. म्हणून मालवाहतुकीच्या आकड्यांवरून 'रस्ता ओस पडला' असा निष्कर्ष काढणे अपुरे ठरते.

या शतकातील घडामोडींनी जुना आराखडा पुन्हा उघड केला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे हे भिवंडी तालुक्यातील गाव होय. कसाऱ्याचा घाट टाळण्यासाठी या टप्प्यात सुमारे ८ किलोमीटरचे जुळे बोगदे खोदण्यात आले आहेत. जुना रस्ता मात्र घाट चढून इगतपुरीच्या घाटनदेवीजवळूनच जातो.