शौचालयाची मराठीतील नावे

शौचालय व शौचविधी यांचा उल्लेख आडवळणाने करण्यासाठी मराठीत परसाकडे, बहिर्दिशा, शौचकूप, पायखाना, संडास असे अनेक शब्द रूढ आहेत. यांतील बरेचसे शब्द क्रियेचे नाव टाळून केवळ जागा किंवा दिशा सांगतात.

परस म्हणजे घरामागील मोकळी जागा. तिकडे जाणे ते ‘परसाकडे जाणे’. पुढे या शब्दाचा परसाशी असलेला संबंध इतका सुटला, की ‘परसाकडे झाली नाही’ असाही प्रयोग होऊ लागला आणि चौथ्या मजल्यावरील आजीही परसाकडेच जाते. ‘बहिर्दिशा’ म्हणजे बाहेरची दिशा. हा त्याच कल्पनेचा संस्कृत अवतार होय. ‘पायखाना’ फारसीतून आला. ‘शौच’ हा शब्द ‘शुचि’पासून बनला असून त्याचा मूळ अर्थ शुद्धता असा आहे, पातंजल योगसूत्रांतील पाच नियमांत तो पहिला. विसर्जनानंतरच्या शुद्धीचे नाव कालांतराने विसर्जनालाच चिकटले. असे सोवळे शब्दही वापराने उघडे पडतात, म्हणून नव्यांची गरज भासते: ‘संडास’ म्हणणे ओशाळवाणे वाटू लागल्यावर ‘टॉयलेट’ आले, आता ‘वॉशरूम’.

याला ठळक अपवाद ‘हागणदारी’चा. गावाच्या वेशीबाहेरील उघड्यावरच्या जागेचे हे नाव शिष्टसंमत भाषेत वर्ज्य असलेल्या क्रियापदापासूनच बनलेले आहे. स्त्रियांना तेथे पहाटेच्या किंवा रात्रीच्या अंधारातच जावे लागे. ग्रामस्वच्छतेच्या मोहिमांत ‘हागणदारीमुक्त गाव’ ही संज्ञा शासनाने स्वीकारली आणि चारचौघांत न उच्चारला जाणारा शब्द वेशीवरील पाट्यांवर झळकला. ‘परसाकडेमुक्त’ने हे काम झाले नसते.

भुयारी गटारे येण्यापूर्वी शहरांत टोपलीचे संडास असत. या नावात टोपली आहे. ती डोक्यावरून वाहणारा माणूस नाही. मुंबईत दोन इमारतींमधील ज्या अरुंद बोळातून सफाई कामगार मैला नेत, त्याला ‘घरगल्ली’ असे घरगुती नाव पडले. ‘मैला’ हाही सौम्य शब्दच. मळ या अर्थाचा. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारे केंद्रीय कायदे १९९३ व २०१३ मध्ये झाले. दुसऱ्या कायद्याने गटारे व मलटाक्यांत संरक्षक साधनांविना माणसे उतरवण्यासही मनाई केली.