वाचनालयातली लिहिणारी मंडळी : ऐकणाऱ्यांचा इतिहास

आयोजकांनी आम्हांला विषय दिला होता, "लेखकांचं मंडळ कसं चालवावं". आम्ही त्यांना कळवलं की चालवण्याबद्दल सांगण्यासारखं आमच्याकडे फार नाही, पण बंद पडता पडता कसं राहिलं ते सांगता येईल. आणि ते सांगायचं तर थोडं मागं, म्हणजे १८४८ पर्यंत जावं लागेल. त्यांनी परवानगी दिली. तेव्हा आज थोडा इतिहास ऐकावा लागणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो.

आमचं मंडळ एका तालुक्याच्या गावी, तिथल्या सार्वजनिक वाचनालयात भरतं. महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी तीन ते पाच. अकरा वर्षं झाली. पहिली आठ वर्षं आम्ही वरच्या मजल्यावरच्या सभागृहात बसत होतो. पंखा होता, सतरंजी होती, दार लावून घेता यायचं. मग एक दिवस वाचनालयाच्या कार्यकारिणीनं सांगितलं की सभागृहाची आता अभ्यासिका होणार, स्पर्धा परीक्षेची मुलं बसणार. आम्ही रागावलो. एक सदस्य तर म्हणाले, "वाचनालयात लेखकालाच जागा नाही, म्हणजे काय?" आज आम्हांला त्या रागाचं हसू येतं, ते का ते पुढं येईलच.

१८४८ हे साल पुण्याच्या दृष्टीनं मोठं गमतीचं आहे. त्या साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तिलाच आपण आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणतो. त्या कामात गोपाळ हरी देशमुख पुढं होते. हेच लोकहितवादी त्याच सुमारास 'प्रभाकर' पत्रात शतपत्रं लिहीत होते. मुंबईत त्याच वर्षी ज्ञानप्रसारक सभा सुरू झाली. दादोबा पांडुरंग तिच्या मराठी शाखेचे अध्यक्ष. सभासदानं निबंध लिहून आणायचा, सभेत वाचायचा, बाकीच्यांनी चर्चा करायची. आज आम्ही दुसऱ्या रविवारी करतो ते याहून फार वेगळं नाही. आणि त्याच १८४८ मध्ये, त्याच पुण्यात, भिडे वाड्यात जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. एकाच गावात, एकाच वर्षात पुस्तकांचं कपाटही उघडलं आणि ज्यांना आजवर अक्षर शिकू दिलं नव्हतं त्यांच्यासाठी शाळाही उघडली. कपाटापासून त्या शाळेतल्या मुलींपर्यंतचं अंतर मात्र पुढं कितीतरी वर्षं कमी झालं नाही.

वाचनालयं त्याआधीही होती. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं. इंग्रज अधिकारी आणि त्यांच्याबरोबर काम करणारे शिकलेले एतद्देशीय यांनी मिळून काढलेल्या या संस्था. वर्गणी भरा, पुस्तक न्या, आणि बसून वाचायचं तर शांत बसा. ही 'शांतता राखा'ची पाटी आपल्याकडे नवीच म्हणायची. आपलं वाचन मुळात मोठ्यानं. पोथी एकानं लावायची, बाकीच्यांनी ऐकायची. पुढं वर्तमानपत्रं खेड्यांत गेली तीही अशीच, पारावर एक जण वाचणार आणि दहा जण ऐकणार. वाचनालयानं वाचणाऱ्याला एकटं केलं. त्याचे फायदे पुष्कळ झाले, नाही म्हणत नाही. पण लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं एक गोष्ट हातची गेली: आपलं लिहिणं ऐकताना समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते दिसेनासं झालं.

आता लेखकांच्या एकत्र येण्याकडे येऊ. मे १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. बोलावणारे दोघे, लोकहितवादी आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. आज आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो त्याची मोजदाद इथून सुरू होते. दुसरी सभा १८८५ मध्ये, तीही पुण्यातच, अध्यक्ष कृष्णशास्त्री राजवाडे. या दुसऱ्या सभेचं निमंत्रण रानड्यांनी जोतिराव फुल्यांना धाडलं. जोतिरावांनी नकार कळवला, आणि ते पत्र जून १८८५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आलं.

हे पत्र पुष्कळांना ठाऊक असतं. बहुधा ते 'बहिष्कारा'चं पत्र म्हणून सांगितलं जातं. आमच्या मते त्यात त्याहून जास्त काही आहे. जोतिरावांचं म्हणणं थोडक्यात असं, की जे लोक माणसाचे माणूस म्हणून असलेले हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. आम्हांला काय सोसावं लागलं ते त्यांच्या लिहिण्यात कुठून येणार, असा त्यांचा प्रश्न आहे. म्हणजे नुसतं "मला बोलावू नका" एवढंच नाही. लिहिणाऱ्याचं लिहिणं कुणाच्या कानावर पडून तपासलं जातं, हा प्रश्न आहे. तुमची पुस्तकं तुम्हीच लिहिता, तुम्हीच वाचता, तुम्हीच वाखाणता. मग चूक दाखवणार कोण?

आणि हा प्रश्न विचारायचा अधिकार त्यांनी कमावलेला होता. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८८३ मध्ये, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला होता. या पुस्तकाची हकिकत लेखक मंडळ चालवणाऱ्या प्रत्येकानं वाचावी. हस्तलिखित तयार होत असताना जोतिराव त्यातले भाग लोकांना वाचून दाखवत होते. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशी गावं त्यांनी स्वतः नोंदवली आहेत. नकाशावर पाहिलंत तर मुंबई-पुण्यासारखी शहरंही आहेत आणि शेतावरची माणसं ओट्यावर येऊन बसतील अशी ठिकाणंही आहेत. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी तर सबंध पुस्तक त्यांच्या तोंडून ऐकलं. एका टोकाला संस्थानिक आणि दुसऱ्या टोकाला ओतूरचा शेतकरी, आणि दोघांच्या पुढं तेच पान!

विचार करा, पाटबंधाऱ्याच्या पाण्याबद्दल, सारापट्टीबद्दल, कुळकर्ण्याच्या दप्तराबद्दल लिहिलेलं पान ज्यानं तो सारा भरलाय त्याच्यापुढं वाचायचं. एखादी गोष्ट चुकली तर तो बसल्या जागी सांगणार. कुठं पटली तर मान हलवणार, आणि त्या मान हलवण्यावरून लेखकाला कळणार की इथं आणखी लिहायला पाहिजे. याला आम्ही लेखकांचं मंडळ म्हणतो. यात लेखक एकच होता, ही गोष्ट वेगळी.

छापण्याच्या बाबतीत काय झालं तेही ऐका. 'दीनबंधू' हे त्यांच्याच चळवळीतलं पत्र. त्यात पहिली दोन प्रकरणं आली आणि पुढची थांबली. जोतिराव रागावले. आपल्या माणसांतही छापण्याचं धाडस कमी पडतं आणि ऐकण्याची भूक मोठी असते, असा अनुभव पुष्कळांना येतो. संपूर्ण पुस्तक छापलेलं पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. १८९० मध्ये ते गेले. ऐकलं मात्र शेकडो लोकांनी असणार.

इकडं ग्रंथकारांच्या सभेचं काय झालं? १८८५ नंतर तिसरी सभा भरली ती एकदम १९०५ मध्ये, साताऱ्याला. मध्ये वीस वर्षं काहीच नाही. कारणं अनेक सांगता येतील, पण आम्हांला मंडळ चालवण्याच्या अनुभवावरून एक कारण सरळ दिसतं: दोन सभांच्या मधल्या काळात कुणाचं काय काम, हे ठरलेलं नव्हतं. पत्रं कोण पाठवणार, वही कोण ठेवणार, दार कोण उघडणार? थोर माणसं होती, पण थोर माणसांना किल्ली सांभाळायला वेळ नसतो. (हशा) १९०६ मध्ये पुण्याच्या संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली, तेव्हा कुठं वर्षभर चालणारी यंत्रणा उभी राहिली.

वाचनालयांच्या बाजूनं मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. १८९३ मध्ये ठाण्याला विनायक लक्ष्मण भावे, म्हणजे 'महाराष्ट्र सारस्वत'कार भावे, आणि त्यांच्या सोबत्यांनी केवळ मराठी ग्रंथांसाठी संग्रहालय काढलं. पाठोपाठ १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. तोवर 'जनरल' लायब्रऱ्यांत इंग्रजीचाच भरणा. मराठीत लिहिणाऱ्याला आपलं पुस्तक ठेवायला हक्काचं कपाट मिळालं ते इथं.

मग १९२३, रविकिरण मंडळ. पुण्यात रविवारी चहाला जमणारी मंडळी: माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, आणखी काही. त्यांनी एकमेकांच्या कविता ऐकल्या, एकत्र छापल्या, आणि सभांतून गाऊन लोकांपर्यंत नेल्या. हे शेवटचं काम फार महत्त्वाचं. पण मंडळाचा म्हणून एक सूर ठरून गेला, तेच शब्द, तीच प्रेमं, तेच उसासे. आणि तो सूर कुणी दाखवला? आत बसणाऱ्यानं नाही. १९२५ मध्ये अत्र्यांनी 'झेंडूची फुलं' काढून बाहेरून दाखवला. आमच्या मंडळात आम्ही याला 'झेंडू-चाचणी' म्हणतो. तुमच्या लिहिण्याचं विडंबन करणं सोपं जात असेल, तर थोडं सावध व्हा.

बाई एकच, हेही लक्षात घ्या. ग्रंथकार सभेची १८७८ पासून मोजदाद केली तर पहिली स्त्री अध्यक्ष, कुसुमावती देशपांडे, १९६१ मध्ये. त्र्याऐंशी वर्षं. आणि जोतिरावांनी १८८५ मध्ये जे सांगितलं, त्याला उत्तर म्हणून म्हणा किंवा त्याची पुढची पायरी म्हणून म्हणा, १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, उद्घाटनाला अण्णा भाऊ साठे. त्या संमेलनावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, आज एवढंच.

आता आमचं. सभागृह गेलं, तेव्हा ग्रंथपालबाईंनी सुचवलं की खाली वर्तमानपत्रांच्या खोलीत बसा, रविवारी दुपारी तिथं गर्दी नसते. गर्दी नव्हती, पण माणसं होती. चार-पाच जण रोज येणारे. निवृत्त पोस्टमन, एक भाजीवाले आजोबा, एक साखर कारखान्यातून निवृत्त झालेले काका. आम्ही कोपऱ्यात हळू आवाजात वाचायला लागलो आणि त्यांचे पेपर हळूहळू खाली यायला लागले.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत आमच्यातल्या एका तरुण मुलीनं कथा वाचली. उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते, शेतकऱ्याच्या हातात पावती पडते, उसाचं वजन पाहून त्याला कळतं की आपण लुबाडले गेलो. कथेचा कळसच तो. आम्ही सगळ्यांनी नेहमीप्रमाणे शैलीची तारीफ केली. कुणी शेवट 'अंगावर येतो' म्हणालं. तेवढ्यात पलीकडून कारखान्याचे काका म्हणाले,

"पोरी, एक सांगू का? काट्यावर पहिल्यांदा भरल्या गाडीचं वजन होतं. मग गाडी गव्हाणीला खाली होते, मग रिकाम्या गाडीचं वजन. उसाचं वजन त्याच्यानंतर निघतं. तोवर ऊस गेलेला असतो."

खोलीत कुणी बोललं नाही. आठ वर्षं आम्ही दार लावून एकमेकांची तारीफ करत होतो, ती तारीफ एका वाक्यात खाली बसली. मुलीचा चेहरा उतरला, पण ती पुढच्या महिन्यात कथा बदलून घेऊन आली. आता शेतकरी पावती बघतो तेव्हा त्याच्या मागं गाडी रिकामी आहे, आणि ज्याचं वजन पुन्हा करा म्हणावं तो ऊसच उरलेला नाही. आधीच्या कथेपेक्षा ही कितीतरी कठोर झाली. काका म्हणाले, "हां, आता बरोबर."

तेव्हापासून आमच्याकडे वाचून झाल्यावर पहिलं मत लेखकानं द्यायचं नाही. पेपर वाचायला आलेल्यांपैकी कुणी काही म्हणत असेल तर ते आधी. वाचणाऱ्यानं दहा मिनिटांहून जास्त घ्यायचं नाही आणि मतं चालू असताना मध्ये बोलायचं नाही. हा दुसरा नियम फार मोडला जातो, आमच्याकडूनच. किल्ली ग्रंथपालबाईंकडे असते. त्यांची सुट्टी असली तर शिपाईदादांकडे. वहीत फक्त काय वाचलं आणि कोण काय म्हणालं एवढंच लिहायचं, हारतुरे नाहीत. भाजीवाले आजोबा गेल्या वर्षी वारले. त्यांनी स्वतः कधी काही लिहिलं नाही, पण वहीच्या जवळजवळ प्रत्येक पानावर त्यांचं नाव आहे.

अभ्यासिकेतली मुलं आता पाच वाजता खाली चहाला येतात. मागच्या वेळी त्यातल्या एकानं विचारलं, "निबंधाचा पेपर असतो, तुमच्याकडे वाचून दाखवला तर चालेल का?" पुढच्या रविवारी तो वाचणार आहे. विषय सिंचनाचा निवडलाय म्हणे. आम्ही त्याला एवढंच सांगितलं, की खोलीत दोन शेतकरी बसलेले असतील.