झाड गेले, बुडखा राहिला

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे नवी केरसुणी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहतात. मराठवाड्यात तिला फडा म्हणतात, आणि त्या दिवशी नुसते ‘लक्ष्मी’. मातंग कारागीर हा फडा शिंदीच्या पानांचा बांधतात. पूजा करताना किती जणांच्या मनात येत असेल, की ज्या झाडाची ही पाने, त्याच झाडाच्या बुंध्यावर १९४७ साली आपल्याच माणसांनी कुऱ्हाड चालवली होती? परभणी जिल्ह्याच्या इतिहासातला हा एक लहानसा कोपरा आहे. तो नीट पाहायचा तर उभ्या झाडाकडे नव्हे, तोडल्यावर मागे राहणाऱ्या बुडख्याकडे पाहिले पाहिजे.

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. आजचा हिंगोली जिल्हाही १९९९ पर्यंत परभणीतच मोडत असे. ओढ्याकाठी, बांधावर शिंदीची झाडे आपोआप वाढत. त्यांचा पहाटेचा ताजा रस म्हणजे नीरा, आणि तोच आंबला की नशा आणणारी शिंदी. हा रस काढून विकण्याचा अधिकार सरकार गुत्तेदारांना देई. झाड कुणब्याच्या बांधावर, सावली गुरांना, पाने फड्याला. परंतु रसाचा पैसा अबकारी खात्याला, असा हा व्यवहार होता. संस्थानच्या तिजोरीत अबकारीच्या उत्पन्नाचा वाटा फार मोठा होता.

७ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबाद स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला आणि लढा पेटला. जंगल सत्याग्रह झाले, करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले झाले, आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी शिंदीची बने तोडली गेली. ज्या झाडातून सरकारला पैसा मिळतो ते झाडच नाहीसे करायचे, असा तो सरळ हिशेब होता.

या हिशेबामागे झाडाचा स्वभावही होता. कडुलिंब बुंध्याशी तोडला तर पुढच्या पावसाळ्यात बुडख्यावर धुमारे फुटतात. चार वर्षांत पुन्हा सावली पडू लागते. शिंदीचे तसे नाही. ताड, माड, शिंदी या एकाच कुळातल्या. वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याशी. शेंडा गेला की झाड संपले. उरतो तो नुसता खुंट. नव्या रोपाला रस द्यायला पुन्हा कित्येक वर्षे लागणार. म्हणजे एक घाव आणि दीर्घकाळाचा महसूल बुडाला!

तथापि इतिहास लिहिताना दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सत्याग्रहीला जो खुंट विजयाची खूण वाटला, तोच फडे बांधणाऱ्याला पोटावरचा घाव वाटला असेल. झाडाचा गुन्हा एवढाच, की त्याच्या रसावर सरकारने हक्क सांगितला होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. पण म्हणून तोडलेली झाडे उभी राहिली नाहीत.

बुडखा काढणे हे तोडण्याहून कितीतरी अवघड काम. परभणीची काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होऊन भेगाळते, पावसात चिकटते. म्हणून वाफसा येण्याची वाट पाहायची. मग कुदळीने भोवती खड्डा घ्यायचा, आडवी मुळे कुऱ्हाडीने तोडायची, खाली सोटमूळ सापडले की ते छाटायचे आणि पहारीने बुडखा उचकटायचा. नाहीच हलला तर साखळदंड बांधून बैल जुंपायचे. काही जण गोवऱ्या रचून तो धुमसत ठेवीत. चाणक्याची दंतकथा आपण लहानपणी ऐकलेली असते: पायाला रुतलेला दर्भ त्याने उपटला आणि मुळांत ताक ओतले. वरचे काढून भागत नाही, हे त्याला ठाऊक होते!

आता शहरांत वाड्यांच्या जागी इमारती आणि दुकाने उठतात, आणि अंगणातला लिंब आड येतो. तो तोडला की बुडख्यासाठी यंत्र आणता येते. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या व्हर्मीर कंपनीने असे यंत्र १९५७ साली काढले. कठीण धातूचे दात बसवलेले एक चाक गरगर फिरते आणि बुडख्यावर डावीकडून उजवीकडे सरकत त्याचा भुसा करते. बैलांना दिवसभर दमवणारे काम तासाभरात उरकते. आधी भोवतीचे दगड वेचावेत, आणि जमिनीखाली नळ किंवा विजेची तार नाही ना, हे पाहावे.

मात्र हे यंत्र साधारणपणे वीत-दीड वीत खोलवरचेच लाकूड खाते. खालची मुळे तशीच राहतात, सावकाश कुजतात, वाळवीला खाद्य होतात, आणि वरची माती हळूहळू खचते. त्या जागी लगेच फरशी घातली तर ती पुढे बसणार, हे घरधन्याने ओळखावे. शिवाय नागरी क्षेत्रात झाड तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. तसा कायदा महाराष्ट्रात १९७५ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसावृक्षाचा मान दिला. ज्या लिंबाखाली आजीने पापड वाळवले, तो बहुधा या मानाचा धनी असतो.

१९४७ साली ज्यांनी कुऱ्हाड उचलली त्यांच्यापुढे राज्य बदलण्याचा प्रश्न होता. आपल्यापुढे बहुतेक वेळा मोटार उभी करण्याच्या जागेचा असतो. यंदा पाटावर फडा ठेवाल तेव्हा त्या जुन्या खुंटांची आठवण करा, आणि अंगणातल्या लिंबाकडेही एकदा मान वर करून पाहा.